नॉर्मलचं पान

३ फेब्रुवारी

प्रिय नकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे फाडायला निघशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते : वीस तारखेचं ऑपरेशन करून घेऊ नकोस. एवढं वाचलंस की मग खुशाल फाड.

तू माझा नंबर बंद करून टाकलास त्याला वर्ष होत आलं. फोन लागत नाही, आणि तुझ्या दारात येऊन उभं राहायला मला तोंड नाही. मग उरलं काय, तर कागद. दिवसभर लोकांच्या पोटांचे रिपोर्ट टाईप करणाऱ्या बाईला हाताने लिहायची सवय राहिलेली नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी बरंच आहे म्हणा.

काल मेहुणे आमच्या सोनोग्राफी सेंटरवर आले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "ताई, तीन वर्षांपूर्वी हिची इथे सोनोग्राफी झाली होती. त्या रिपोर्टची शिक्का मारलेली प्रत हवी आहे." मी विचारलं, कशाला? तेव्हा मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, एका परक्या बाईला सांगावं तसं सगळं सांगितलं. तुझं दुखणं गेल्या वर्षी फार वाढलं. दुसऱ्या एका सेंटरने लिहून दिलं की पित्ताशय आक्रसलंय, आत खडे असावेत. सर्जनने जुना रिपोर्ट मागितला, तुम्ही आमचा दाखवलात. त्यात पित्ताशय अगदी छान, नॉर्मल. म्हणजे तीन वर्षांत चांगलं होतं ते वाळून गेलं, काढायलाच हवं, असं त्याने ठरवलं. दुर्बीण घालून शोधलं, सापडेना. मग बरगडीखाली वीतभर चिरून शोधलं. शोधता शोधता पित्ताची नळीच कापली गेली. ती जोडली, आणि सहा आठवडे तू कुशीत रबरी नळी घेऊन पडून होतीस. मला पत्ता नाही. पत्ता असावा असं मी वागलेच नव्हते, ते जाऊ दे.

आणि तो सर्जन म्हणतोय की यांना जन्मापासून पित्ताशयच नाही. त्यावर तू म्हणालीस (हे मेहुण्यांनी खाली बघत सांगितलं), "नाही कसं? माझ्या ताईने टाईप केलेला रिपोर्ट आहे."

ते ऐकलं आणि मी शिक्का शोधायला खणात डोकं घातलं. शिक्का समोरच होता.

तो आपली चूक झाकतोय म्हणून तू त्या सर्जनवर तक्रार केलीस. शिवाय आता दुसरा सर्जन म्हणतोय की आक्रसलेला तुकडा यकृताखाली दडून राहिला असेल, दुखणं त्याचंच आहे, पुन्हा उघडून बघू. एमआरआय केला, पण जुन्या टाक्यांच्या गोंधळात एक धूसर सावली सोडली तर काही कळत नाही. म्हणून वीस तारीख.

अशी माणसं असतात गं. यकृताखालची ती एवढीशी पिशवी आईच्या पोटात असताना कधी तयारच होत नाही, आणि बाकी सगळं जागच्या जागी असतं. आमच्या डॉक्टरांनी पंचवीस वर्षांत दोन पाहिली. दोघांचंही आधी 'आक्रसलंय' असंच निदान झालं होतं, कारण दिसलं नाही म्हणजे आक्रसलेलं असणार, असं सगळे धरून चालतात. नसेलच, असं कोणाच्या मनातच येत नाही. तुझं तसंच असेल. पहिल्या सर्जनचं म्हणणं जरा मनावर घे.

मी मेहुण्यांना प्रत दिली. शिक्का मारून दिली.

ताई


७ फेब्रुवारी

नकटे,

पत्र फाडलं नाहीस, हे कळलं. मेहुण्यांचा एका ओळीचा मेसेज आला : "ती विचारते, रिपोर्ट तुमच्याच सेंटरचा, मग त्यावर विश्वास का ठेवायचा नाही?"

रास्त प्रश्न आहे. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, त्यावरून तू काय ते समजलीच असशील. खाई त्याला खवखवे.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. डॉक्टर पडद्याआड पेशंटच्या पोटावर यंत्र फिरवतात आणि तिथूनच मोठ्यांदा सांगतात. मी पार्टिशनच्या अलीकडे बसून टाईप करते. आता दिवसाला चाळीस पोटं. प्रत्येकाचं यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं पहिल्यापासून कोण लिहीत बसणार? म्हणून आमच्याकडे 'नॉर्मलचं पान' आहे. एक बटण दाबलं की अख्खं पान हजर. 'यकृत नॉर्मल आकाराचे. पित्ताशय व्यवस्थित भरलेले, भिंत पातळ, खडे नाहीत.' डॉक्टर जेवढं वेगळं सांगतील तेवढंच बदलायचं. त्यांनी काही सांगितलं नाही तर ते वाक्य तसंच जातं. संध्याकाळी गठ्ठा समोर ठेवला की ते फोनवर बोलत बोलत सह्या करतात.

मागे एका काकांच्या रिपोर्टात 'गर्भाशय नॉर्मल आकाराचे' असं छापून गेलं होतं. बायकांचं पान उघडलं गेलं माझ्याकडून. काका रिपोर्ट घेऊन परत आले आणि म्हणाले, "बाई, गोड बातमी कधीची धरायची?" आम्ही आठवडाभर हसत होतो. मीही हसत होते. काका नसते आले तर ते गर्भाशय जन्मभर त्यांच्या फायलीत राहिलं असतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तुझ्या वेळी तसंच काहीसं झालं असणार. डॉक्टर घाईत होते, एक अपघाताचा पेशंट आला होता. यंत्रही जुनं होतं, ते आता बदललं. आणि तू काहीतरी खाऊन आली असशील. पोटात काही गेलं की पित्ताशय रिकामं होतं आणि नीट दिसत नाही. तर तेव्हा धड दिसलं नसेल, आणि पानावरचं वाक्य राहून गेलं. चुकून. सरळ आहे.

तेव्हा त्या वाक्याच्या भरवशावर पोट उघडून घेऊ नकोस. नवीन सर्जनला सांग, जुना रिपोर्ट धरू नका म्हणावं. कारण विचारलं तर म्हण, ताई म्हणते.

ताई


१२ फेब्रुवारी

नकटे,

यावेळी मेसेज दोन ओळींचा होता. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. "ती म्हणते, त्या दिवशी ती पाणीसुद्धा प्यायली नव्हती. आणि तिने डॉक्टरांचं 'उद्या' ऐकलं होतं. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ते दुसऱ्या पेशंटला."

तुझे कान लहानपणापासूनच तिखट. मी विसरले होते.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. आठ दिवस राहिलेत. मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत स्वतःला वाचवून तुला वाचवायला बघत होते. दोन्ही एका वेळी जमत नाही. तर आता ऐक.

डॉक्टरांनी तुझ्या पोटावर यंत्र फिरवलं आणि माझ्या टेबलाशी येऊन मला विचारलं, "हिने काही खाल्लंय का?" तू पडद्याआड होतीस, तुला कपडे सावरायला सांगितलं होतं. मी म्हणाले, "हो, खाल्लंय." मला काही माहीत नव्हतं. उपाशी आहेस असं सांगितलं असतं तर ते थांबले असते, कारण उपाशीपोटी पित्ताशय फुगलेलं असतं, न दिसणं अवघड. न दिसणं हीच बातमी झाली असती. पण खाल्लंय म्हटल्यावर ते म्हणाले, "मग म्हणूनच दिसत नाहीये. बाकी सगळं ठीक आहे. उद्या उपाशीपोटी बोलव, तोवर रिपोर्ट देऊ नकोस." आणि अपघाताच्या पेशंटकडे धावले.

मी बटण दाबलं. पान आलं. 'पित्ताशय व्यवस्थित भरलेले, भिंत पातळ, खडे नाहीत.' ते वाक्य मी वाचलं, नकटे. नजरेतून सुटलं नव्हतं. ते काढून 'दिसले नाही, पुन्हा तपासणी आवश्यक' असं लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते तसंच ठेवलं, छापलं, गठ्ठ्याच्या मध्ये सरकवलं, सही झाली. तू बाहेर बाकड्यावर बसली होतीस, तिथे येऊन तुझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे. ठणठणीत आहेस."

का, ते तुला ठाऊक आहे, पण मी ते आजवर कधी तोंडाने बोलले नाही, म्हणून लिहिते. आईला अर्धांग होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. पंधरा दिवस तू, पंधरा दिवस मी. तुझे पंधरा दिवस आले की दोन-चार दिवसांत तुझा फोन यायचा : "ताई, आज जरा येशील का गं, मला फार दुखतंय." आणि मी नोकरीवरून धडपडत जायचे. आईला उचला, पुसा, कूस बदला, भरवा. माझी कंबर गेली होती, डोकं गेलं होतं. मला वाटायचं, हिचं दुखणं बरं वेळापत्रक बघून येतं. तू लहानपणीही गणिताच्या परीक्षेला पोट धरून बसायचीस. मला वाटलं, नाटक. आणि तुझ्या पोटात काही निघालं असतं तर आई पूर्ण माझ्या अंगावर आली असती. मला तू ठणठणीत हवी होतीस. बटण दाबलं की तू ठणठणीत होणार होतीस, म्हणून मी दाबलं.

पुढचं तर मी सगळ्यांदेखत केलं. मामांना रिपोर्ट दाखवला, मावशीला वाचून दाखवला. "हे बघा, लेखी आहे, हिला काही झालेलं नाही." त्यांनी तुला चार शब्द सुनावले. मावशी म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी हसले. त्यानंतर तू मला एकदाही 'दुखतंय' म्हणून फोन केला नाहीस. दोन वर्षं, आई जाईपर्यंत, एकदाही नाही. मला वाटलं, बघा, कशी सरळ झाली.

आणि आई गेली त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तू भिंतीला टेकून पोट दाबून बसली होतीस, तेव्हा मी काय म्हणाले ते मी इथे लिहिणार होते. हात होत नाहीये. लिहिते. मी म्हणाले, "आता आई गेली. आता तुझं दुखायचं थांबेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तू उठून गेलीस ती गेलीसच.

म्हणजे आता असं आहे बघ. माझं ते वाक्य खरं धरून तो पहिला सर्जन तुझ्या पोटात दोन तास नसलेली वस्तू शोधत राहिला. नळी त्याच्या हातून कापली गेली, त्याचं माप त्याच्या पदरात. पण शोधायला त्याला मी लावलं. आणि तेच वाक्य धरून दुसरा पुन्हा शोधणार आहे. तुला वाटतं तुझ्याकडे एक पक्का पुरावा आहे. तो पुरावा मी आहे, आणि मी खोटी आहे.

ऑपरेशन करून घेऊ नकोस. हात जोडते.

ताई


१६ फेब्रुवारी

नकटे,

चार दिवस झाले, मेसेज नाही. मेहुण्यांना फोन केला तर उचलला नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर पत्राची राखुंडी करून दात घासले असते.

पण तुझ्या उत्तराची वाट बघत बसले तर वीस तारीख उजाडेल. म्हणून परवा सकाळी, पहिला पेशंट यायच्या आत, मी आमच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं मी पगारवाढ मागायला आलेय. आधी हसून म्हणाले, "मार्चनंतर बघू." मग माझं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला. संपल्यावर तो घडी करून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील, हाकलून देतील. ते बरं झालं असतं.

ते म्हणाले, "सही माझी आहे ना?"

मी म्हटलं, "हो, पण मी गठ्ठ्यात..."

"सही माझी आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "असे किती?"

मी म्हटलं, मुद्दाम केलेला हा एकच. देवाशप्पथ एकच.

"आणि मुद्दाम न केलेले?"

नकटे, वीस वर्षं मी ते बटण दाबतेय. काकांचं गर्भाशय परत आलं म्हणून आम्हाला कळलं. जी परत आली नाहीत त्यांचं काय? काल डॉक्टरांनी त्या पानावरची सगळी वाक्यं पुसायला लावली. आता प्रत्येक अवयवापुढे रिकामी जागा आहे, ते बोलतील तेवढंच मी भरायचं. दिवसाला चाळीसऐवजी पंचवीस पेशंट होतील, होऊ देत म्हणाले. मला अजून काढलेलं नाही. काढतील तेव्हा काढतील, त्यात तक्रार करायला जागा नाही.

त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं. काय झालं, कोणी विचारलं, मी काय सांगितलं, काय छापलं. खाली माझं पूर्ण नाव. त्यावर त्यांनी स्वतःचं पत्र जोडलं : 'त्या दिवशी पित्ताशय दिसलेले नव्हते. रिपोर्ट ग्राह्य धरू नये.' मी स्वतः जाऊन ते नवीन सर्जनच्या हातात देणार आहे. टपालावर माझा भरवसा नाही, आणि काउंटरवरच्या बायकांवर तर मुळीच नाही, मी स्वतःच त्यातली. एक प्रत पहिल्या सर्जनकडे जाईल, एक तुझी तक्रार जिथे चालू आहे तिथे. तुझ्या तक्रारीचं त्यामुळे नुकसान होईल. मला माहीत आहे. तुझ्या हातातलं हत्यार मी बोथट करतेय, आणि तेही तुला न विचारता. पण ते तुझ्याच पोटावर रोखलेलं होतं.

अजून एक, डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला फार लागलं. ते म्हणाले, "पिशवी नाही म्हणजे दुखणं नाही असं नसतं. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी एक स्नायू असतो, तो आवळला की अगदी खड्यांसारखी कळ येते. या लोकांना औषधांनी बरंच बरं वाटतं. पण त्यांचं दुर्दैव असं की कोणी म्हणतं खडे आहेत, कोणी म्हणतं काहीच नाही. खरं कोणी सांगत नाही." आणि माझ्याकडे बघितलं.

औषधं, नकटे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तुला बोलावलं असतं तर नुसती औषधं.

ताई


२२ फेब्रुवारी

नकटे,

आजचं पत्र लिहायची खरं तर काही गरज नव्हती. वीस तारीख गेली, पोट तुझं तुझ्याजवळ शाबूत आहे, औषधं सुरू झाली. आणि परवापासून तुझा फोनही मला लागतो. तरी मी लिहितेच आहे, कारण हे फोनवर सांगायला गेले तर मी पुन्हा खोटं बोलेन. मला माझी खात्री आहे.

एकोणीस तारखेला हॉस्पिटलात तू मला दिसशील असं वाटलंच नव्हतं. मला वाटलं होतं, सर्जनच्या हातात कागद द्यायचे आणि मागच्या मागे पळायचं. पण तू तिथेच होतीस, भरती व्हायची पिशवी मांडीवर घेऊन, लिफ्टसमोरच्या खुर्चीत. केवढी वाळलीस गं. मी आधी ओळखलंच नाही, मग नाकावरून ओळखलं. तू बाजूच्या खुर्चीवरची दुसरी पिशवी उचललीस. मी बसले. आत मेहुणे आणि सर्जन माझा कागद वाचत होते आणि बाहेर आपण दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, उद्याचं रद्द, यांना पुन्हा नीट तपासूया, आधी औषधं देऊन बघू. मला वाटलं तू रडशील. तू पिशवीची चेन लावलीस आणि मला विचारलंस, "ताई, एकच सांग. तेव्हा मला दुखतंय हे तुला पटत होतं का?"

मी म्हणाले, "नाही गं. मला खरंच नाटक वाटत होतं."

आणि तुझा चेहरा सैल झाला. मी पाहिलं. तू म्हणालीस, "मग ठीक आहे. तुला खोटं वाटलं म्हणून तू केलंस. चुकलीस. ते मी समजू शकते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातलं एक तू." आणि हसलीस. वर्षभराने हसलीस माझ्याकडे बघून. लिफ्टमध्ये शिरताना म्हणालीस, "रविवारी जेवायला ये. काही आणू नकोस."

तीन रात्री मी त्या 'ठीक आहे'वर झोपायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

बारा तारखेच्या पत्रात मी लिहिलं, मला नाटक वाटलं. ते वाक्य मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलेय की लिहिताना हात अडलाही नाही. बाकी सगळं खरं लिहिलं आणि ते एक तसंच ठेवलं.

सोनोग्राफीच्या आधीच्या आठवड्यात, तुझे पंधरा दिवस संपायचे होते त्या सकाळी, मी आईकडे लवकर आले. बस पटकन मिळाली म्हणून. माझ्याकडे किल्ली होती, मी बेल न वाजवता दार उघडलं. आई आतल्या खोलीत झोपली होती. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि तू ओट्याखाली फरशीवर पडली होतीस. गुडघे छातीशी घेतलेले. हात पुसायच्या फडक्याचा बोळा तोंडात धरला होतास, आईला आवाज जाऊ नये म्हणून. डोळे उघडे होते पण तुला मी दिसले नाही. केस घामाने कपाळाला चिकटले होते. बघायला तिथे कोणी नव्हतं, नकटे. कोणासाठी नाटक करणार होतीस तू?

मी तुझ्याजवळ आले नाही. आवाज न करता दार ओढून घेतलं, जिने उतरले, खाली रस्त्यावर दहा मिनिटं उभी राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की हिला खरंच काहीतरी झालंय, आता आई माझ्या एकटीच्या अंगावर येणार. मग वर येऊन बेल वाजवली. तू केस बांधून दार उघडलंस आणि म्हणालीस, "आज लवकर आलीस?" मी म्हणाले, "हो. चहा टाक जरा."

आणि तू टाकलास.

तेव्हा चूक झाली, गैरसमज झाला, असलं काही नाही. रविवारी तू ज्या ताईला जेवायला बोलावलंयस तिला फक्त अक्कल कमी होती. मी ती नाही. तुला दुखत होतं हे मला माहीत होतं. सोनोग्राफीच्या दिवशी माहीत होतं, मामा-मावशीसमोर रिपोर्ट वाचताना माहीत होतं, आई गेली त्या दिवशी तुला तसं बोलले तेव्हाही माहीत होतं.

हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल. वाचून सांग, मी येऊ का.

ताई